खानापूर रोडची कोंडी: सल्लागार नेमायचा, पण कार्यकक्षेत काय काय लिहून घ्यायचं?

तिसरे_गेट

बेळगावचा खानापूर रोड, गोवावेस ते तिसरं रेल्वे गेट, मध्ये आरपीडी क्रॉस. एवढ्या पट्ट्याच्या वाहतुकीचा अभ्यास करायला सल्लागार नेमावा, असं निवेदन टिळकवाडीतले रहिवासी आणि दुकानदार मिळून महापालिकेला देणार आहेत. सोबत कार्यकक्षेचा, म्हणजे सल्लागाराने नेमकं काय काय करायचं त्याचा, मसुदाही जोडायचा आहे. नाहीतर "अभ्यास करून उपाय सुचवावेत" या एका ओळीवर टेंडर निघतं आणि मग हाती काय पडेल ते घ्यायचं.

सध्याचा मसुदा चार ओळींचा आहे.
१) रस्त्यावरच्या वाहनांची मोजणी.
२) कोंडीची कारणं.
३) उपाय, तसंच उड्डाणपुलाची व्यवहार्यता.
४) अहवाल तीन महिन्यांत.

किती दिवस मोजावं, कुठं मोजावं, कोणी नेमावं, पैसे कोणत्या टप्प्यावर द्यावेत, हे जाणकारांनी सांगावं. "आधी खड्डे बुजवा" हे सगळ्यांना मान्य आहे, त्यावर वेगळा धागा आहे.

खडे_बोल

कशाला ओ सल्लागार? दुकानांसमोरच्या गाड्या काढा, वडाप (शेअर प्रवासी गाड्या) आणि रिक्षा क्रॉसवरनं पन्नास पावलं पुढं न्या, सिटी बस चौकाच्या तोंडावर थांबायची बंद करा. निम्मी कोंडी सुटली बघा. अहवाल कपाटात जातो, बिल तेवढं निघतं.

ओव्हरसियर

खडे_बोल, गाड्या काढा म्हणणं सोपं आहे. रस्त्याच्या एका बाजूला पार्किंग बंद केलं की दुसऱ्या दिवशी दुकानदार विचारतात, "कशाच्या आधारावर?" आधार म्हणून कागदावर आकडे नसतील तर आठ दिवसांत बॅरिकेड कोपऱ्यात जाऊन पडतात. अभ्यास हवा तो यासाठी.

पण मूळ मसुद्यातली तिसरी ओळ आजच्या आज काढा. "उड्डाणपुलाची व्यवहार्यता" लिहिलं की सल्लागाराला उत्तर प्रश्नातच मिळतं. त्यात कित्येक ठिकाणी सल्लागाराची फी पुढच्या बांधकामाच्या किमतीवर टक्केवारीने ठरते. पार्किंग हलवून सुटणाऱ्या कोंडीत टक्केवारी कशावर घेणार? पुलावर मात्र भरपूर मिळते. माणूस वाईट असतो असं नव्हे, करारच तसा लिहिलेला असतो. म्हणून दोन वाक्यं घालाच: फी ठोक रकमेत असेल, आणि हा अभ्यास करणारी संस्था किंवा तिची भागीदार संस्था याच पट्ट्यातल्या पुढच्या डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) वा बांधकाम देखरेखीच्या कामाला पात्र राहणार नाही.

दुसरं, मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ११५ वाचून ठेवा. वाहनांवर घातलेला निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त टिकणार नसेल तर राजपत्रात अधिसूचना लागत नाही, स्थानिक पातळीवर प्रसिद्धी दिली की पुरते. म्हणजे खडे_बोल म्हणतात त्यातल्या एकेरी वाहतुकीची किंवा अवजड वाहनांच्या वेळांची अभ्यासातच तीन आठवड्यांची चाचणी घेता येते. पार्किंग आणि थांब्यांच्या जागा कलम ११७ खाली ठरतात, तो आदेश त्याच वेळी वेगळा काढून घ्यायचा. आधी मोजा, चाचणी घ्या, चाचणी चालू असताना पुन्हा मोजा. कार्यकक्षेत ही दुसरी मोजणी लिहिलेली नसेल तर सल्लागार ती करत नाही, कारण माणसं परत रस्त्यावर उभी करायचा खर्च त्याच्या अंगावर येतो.

मापाडी

"वाहनांची मोजणी" या दोन शब्दांत पाच वेगळ्या मोजण्या लपल्या आहेत, आणि त्यातली सगळ्यात स्वस्त तेवढी करून हात झटकता येतात. म्हणून सुट्या सुट्या लिहा.

पहिली, चौकातल्या वळणांची मोजणी. चार रस्त्यांच्या चौकात सरळ, डावं, उजवं मिळून १२ हालचाली होतात, यू-टर्न धरले तर १६. सकाळी ७ ते रात्री ९, दर १५ मिनिटांची वेगळी नोंद, वाहनांचे प्रकार वेगळे. गोवावेस, आरपीडी क्रॉस आणि तिसऱ्या गेटचा पूल जिथं उतरतो ते तोंड, हे तीन तरी चौक हवेत. मधले गल्लीचे फाटे सोडू नका. दोन चौकांच्या आकड्यांत फरक पडतो तो तिथंच मुरतो.

दुसरी, चौकांच्या मधल्या सरळ भागात सलग ७ दिवस २४ तास. ही एकाच जागी केली तरी चालते. चौकातली एका दिवसाची मोजणी नेहमीच्या दिवसाची आहे की नाही, हे या सात दिवसांवरून कळतं.

तिसरी, प्रवासाला लागणारा वेळ. गाडीत जीपीएस ठेवून पट्टा दोन्ही दिशांनी फिरायचं, प्रत्येक गर्दीच्या वेळी प्रत्येक दिशेला किमान ६ फेऱ्या. कुठं किती सेकंद थांबलो ते टप्प्याटप्प्याने लिहायचं. मोटारीबरोबर एक दुचाकीही फिरवा, दोघांचे वेळ फार वेगळे येतात.

चौथी पार्किंगची. रस्त्याचे ५०-५० मीटरचे तुकडे पाडायचे, दर अर्ध्या तासाला एक माणूस चालत जाऊन उभ्या वाहनांच्या नंबरचे शेवटचे चार आकडे लिहितो. त्यावरून कोणती गाडी किती वेळ उभी होती ते निघतं. दुकानात आलेलं गिऱ्हाईक अर्ध्या-पाऊण तासात जातं. सकाळी दहाला लावून संध्याकाळी आठला काढलेली गाडी बहुधा दुकानातल्याच कोणाची तरी असते. हा तक्ता हातात असला की दुकानदारांशी बोलणं सोपं होतं. गिऱ्हाइकांची जागा कोण अडवतंय ते त्यांनाच दिसतं.

पाचवी रांगेची लांबी. ही बहुतेक कार्यकक्षांत नसते आणि सगळा घोळ इथंच होतो. चौकात थांबरेषेवर उभं राहून मोजलेला आकडा म्हणजे जी वाहनं सुटली ती. जी अडकून राहिली ती त्यात येतच नाहीत. चौक पूर्ण तुंबतो तेव्हा सुटणारी वाहनं कमी होतात, म्हणजे कागदावर गर्दीच्या ऐन वेळी वाहतूक घटलेली दिसते! मग अहवालात येतं "क्षमतेच्या ८० टक्के वापर, स्थिती समाधानकारक". खरी मागणी हवी असेल तर दर ५ मिनिटांनी प्रत्येक बाजूच्या रांगेचं शेपूट कुठपर्यंत गेलं ते नोंदवावं लागतं. विजेच्या खांबांवर आधीच नंबर टाकून ठेवा, माणसाने फक्त "खांब क्र. ७" असं लिहायचं.

गणितमास्तर

मापाडीसाहेबांनी रांगेचं लिहिलं ते बरं केलं. आता गुणकांचं बघू.

मोजलेली वाहनं एका मापात आणायला पीसीयू वापरतात, म्हणजे सगळ्यांना मोटारीच्या हिशेबात बदलायचं. शहरी रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या कोडात, आयआरसी १०६ (१९९०) मध्ये, प्रत्येक वाहनाचे दोन गुणक आहेत. त्या प्रकारचा वाटा ५ टक्क्यांपर्यंत असेल तर एक, १० टक्के वा जास्त असेल तर दुसरा. दुचाकी ०.५ आणि ०.७५, रिक्षा १.२ आणि २, ट्रक-बस २.२ आणि ३.७, ट्रॅक्टर-ट्रेलर ४ आणि ५, हातगाडी २ आणि ३.

समजा तासाला १,८०० दुचाकी गेल्या. ०.५ ने ९०० होतात, ०.७५ ने १,३५०. एका गुणकाने ४५० चा फरक. मोजणी तीच, रस्ता तोच.

त्याहून मोठी गंमत क्षमतेत आहे. त्याच कोडात चार पदरी, दुभाजक नसलेल्या रस्त्याची क्षमता दोन्ही दिशा मिळून तासाला ३,००० पीसीयू, २,४०० पीसीयू किंवा १,८०० पीसीयू अशी तीन प्रकारे दिली आहे. दोन पदरी दुहेरी रस्त्याची १,५००, १,२०० आणि ९००. रुंदी सारखीच असते, फरक कडेला काय चालतं त्याचा. वरचा आकडा कडेला गाड्या उभ्या नाहीत, दुकानांतून थेट ये-जा नाही, आडवी वाहतूक नगण्य, अशा रस्त्यासाठी. खालचा आकडा गाड्या उभ्या, दारं रस्त्यावर, आडवी वर्दळ भरपूर, अशा रस्त्यासाठी. ३,००० आणि १,८०० मधलं अंतर कोडानेच मान्य केलेलं आहे आणि ते पुलाने भरायचं नाही, कडा मोकळी करून भरायचं आहे. म्हणजे खडे_बोल यांचं म्हणणं आकड्यात मांडायचं तर ते इथं आहे.

नवीन पद्धत इंडो-एचसीएम २०१७ ची, म्हणजे रस्त्यांच्या क्षमतेच्या भारतीय पुस्तिकेची. तिचे गुणक आणि क्षमता वेगळ्या. दोन्हीपैकी काहीही वापरा, पण एका पुस्तकातले गुणक आणि दुसऱ्यातली क्षमता अशी खिचडी करायची नाही, हे कार्यकक्षेत लिहा. खिचडी फार अहवालांत असते.

उद्यमबाग_पाळी

मोजणी सकाळी ७ ते रात्री ९ सलग लिहिली ते योग्य. खर्च वाचवायला ९ ते ११ आणि ५ ते ७ एवढंच मोजतात. या रस्त्याला ते चालत नाही. उद्यमबागेतल्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप पाळ्यांवर चालतात, पुढं पिरनवाडी-मच्छेपर्यंत कारखाने आहेत. पाळी सुटते तेव्हा दुपारीही दुचाकींचा लोंढा शहराकडे येतो, आणि त्याच वेळी शाळांच्या रिक्षा रस्त्यावर असतात. दुपारची ही गर्दी मोजणीतून सुटली तर सिग्नलची वेळही चुकीची बसते.

तारखेचंही बघा. जून ते सप्टेंबर पाऊस, दुचाकी कमी, रस्ता अर्धा पाण्याखाली. गणेशोत्सवात देखाव्यांची गर्दी. डिसेंबरात सुवर्णसौधला विधिमंडळाचं अधिवेशन असलं तर बंदोबस्त, आंदोलनं, व्हीआयपी ताफे, शहराची घडीच बदलते. एप्रिल-मे मध्ये कॉलेजं बंद. राहतो जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्चची सुरुवात. त्यातही सौंदत्ती यल्लम्माच्या पौर्णिमांचे आठवडे टाळा. टेंडर मात्र आर्थिक वर्ष संपता संपता निघतं आणि कार्यादेश एप्रिलमध्ये हातात पडतो, मग सल्लागार मे महिन्यात मोजून मोकळा. "मोजणी शाळा-कॉलेज चालू असलेल्या दिवसांतच, तारखांना आधी लेखी मंजुरी" अशी अट घाला.

खडे_बोल

गोव्याच्या गाड्या विसरलात सगळे. शनिवार-रविवारी अर्धा रस्ता त्यांचाच.

मापाडी

अर्धा की दशांश, हेच कोणी मोजत नाही, आणि त्यावर मोठाले निर्णय होतात. शहराबाहेरून येऊन शहराबाहेर जाणाऱ्या गाड्या किती, हा प्रश्न वेगळा सोडवावा लागतो.

रूढ पद्धत म्हणजे रस्त्याकडेला गाड्या थांबवून कुठून आलात, कुठं चाललात विचारणे. त्याला रहदारी पोलीस सोबत लागतात, नाहीतर कोणी थांबत नाही. विचारणाऱ्या पोरांना मराठी आणि कन्नड दोन्ही यायला हवं, ट्रकवाल्यांसाठी मोडकंतोडकं हिंदी. हुबळी किंवा बेंगळूरहून आणलेल्या पोरांना पिरनवाडी, जांबोटी, कंग्राळी यातलं कुठलं गाव कुठल्या दिशेला आहे हे माहीत नसतं, फॉर्मवर काहीबाही पडतं. आधी गावांची सांकेतिक यादी करून द्या.

दुसरी पद्धत नंबर जुळवण्याची. गोवावेस आणि तिसऱ्या गेटला दोन्हीकडे नंबर टिपायचे. या अंतराला लागतो तेवढ्याच वेळात तोच नंबर दुसऱ्या टोकाला दिसला तर गाडी सरळ पार गेली; तासाभराने दिसला तर मध्ये कुठं थांबली होती. नुसतं एमएच ०९ किंवा जीए पाहून "बाहेरची गाडी" ठरवू नका. कोल्हापूर पासिंगच्या कितीतरी गाड्या इथंच राहणाऱ्यांच्या आहेत.

तिसरी पद्धत बेळगावला छान लागू पडते. खानापूरच्या बाजूला गणेबैलचा टोलनाका आहे, पुणे-बेंगळूर महामार्गावर एकीकडे हत्तरगी आणि दुसरीकडे हिरेबागेवाडी. महापालिकेने राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाला पत्र देऊन, नंबर झाकलेला फास्टॅगचा डेटा मागायचा: गणेबैल ओलांडून किती गाड्यांनी दोन तासांच्या आत यातला दुसरा नाका ओलांडला. महिन्याचा डेटा मिळाला तर शनिवार-रविवार आपोआप वेगळे दिसतील. उणिवा दोन. दुचाकी यात नाहीत. आणि चोर्ला घाटाची वाहतूक पिरनवाडीहून जांबोटीकडे वळते, ती गणेबैलला येतच नाही. त्यासाठी पिरनवाडी फाट्यावर नंबर टिपावे लागतील.

येळ्ळूर_शिवार

हा आकडा याच अभ्यासात काढाच. हलगा-मच्छे बायपासला पिकाऊ जमीन जाते म्हणून शेतकरी इतकी वर्षं रस्त्यावर आणि कोर्टात आहेत, आणि "शहरातली कोंडी फुटेल" एवढं एकच वाक्य त्यांच्या तोंडावर फेकलं जातं. पार जाणाऱ्या गाड्या खरोखर किती, हे छापील दिसू दे. जास्त निघाल्या तर जास्त म्हणा, पण मोजून म्हणा.

तिसरे_गेट

बायपासच्या बाजूने-विरुद्ध इथं नको, पण आकडा काढायचा मुद्दा घेतला. चालणाऱ्यांचं काय मोजायचं? मसुद्यात माणूस हा शब्दच नाही, हे आत्ता लक्षात आलं.

शहापूरची_माई

लक्षात आलं हेच खूप झालं. चालणाऱ्यांसाठी तीन गोष्टी मागा.

एक, रस्ता ओलांडणारी माणसं, कुठून कुठं. नुसती झेब्रा पट्ट्यावर नव्हे. दोन चौकांच्या मध्ये जिथं माणसं प्रत्यक्ष ओलांडतात तिथं. ओलांडण्याची जागा लागते की नाही यासाठी जुनं सूत्र आहे: तासाला ओलांडणारी माणसं गुणिले वाहनांच्या संख्येचा वर्ग. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर गुणाकार १० कोटींच्या वर गेला की सोय हवी, दुभाजक असेल तर २० कोटी. तासाला १,५०० वाहनं धरली तर ४५ माणसं ओलांडली तरी पुरेत. शाळा सुटते तेव्हा एका फाट्यावर ४५ पोरं पाच मिनिटांत ओलांडतात. म्हणजे सूत्राचा निकाल आधीच ठाऊक आहे, प्रश्न जागा कुठं द्यायची हा आहे, आणि त्यासाठी मोजणी.

दोन, पदपथाची खरी मोकळी रुंदी, दर २० मीटरला टेपने मोजून. नकाशावर २ मीटर असतो. जागेवर हेस्कॉमचा ट्रान्सफॉर्मर, दुकानाची पायरी, उसाच्या रसाचं गाडं, उघडी पडलेली गटाराची फरशी, असं सगळं वजा जाता हातभर उरतो. मग माणूस रस्त्यावर उतरतो आणि डावी लेन संपते. चालणाऱ्यांची सोय आणि गाड्यांची कोंडी हे दोन विषय नाहीत.

तीन, फेरीवाले. किती, कशाचे, किती ते किती वाजेपर्यंत, किती जागा अडवतात. "अतिक्रमण हटवावे" लिहून मोकळं होऊ देऊ नका. पथविक्रेता कायदा २०१४ चा आहे, सर्वेक्षण आणि शहर विक्री समितीशिवाय उठवता येत नाही. सल्लागाराने त्यांना पर्यायी जागा नकाशावर दाखवली पाहिजे.

गणितमास्तर

आता रेल्वे गेटचा हिशेब. तिसऱ्या गेटला पूल झाला, पण दुसऱ्या गेटची रांग खानापूर रोडवर येते की नाही हे तपासायलाच हवं, नाहीतर गेटचा दोष सिग्नलच्या माथी मारला जाईल.

समजा गेट ६ मिनिटं बंद. मिनिटाला २० वाहनं येतात, उघडल्यावर मिनिटाला ३५ सुटतात. बंद असताना १२० वाहनं जमली. उघडल्यावर मागून येतच राहतात, म्हणून रांग मिनिटाला ३५ वजा २०, म्हणजे १५ ने कमी होते. १२० भागिले १५, आठ मिनिटं. सहा मिनिटांच्या बंदचा त्रास एकूण १४ मिनिटं. आता उघडल्यापासून आठ मिनिटांच्या आत दुसरी गाडी आली तर जुन्या रांगेवर नवी रांग चढते, आणि तिथून पुढं गेट उघडं असलं तरी रस्ता मोकळा होत नाही. त्यात दोन्ही बाजूंनी लोक उलट्या बाजूला घुसतात, गेट उघडल्यावर समोरासमोर अडकतात, आणि ३५ चे २० होतात. मग रांग कमीच होत नाही.

गेट कधी बंद झालं, कधी उघडलं याच्या नोंदी नैर्ऋत्य रेल्वेच्या हुबळी विभागाकडे मागता येतात. एक आठवड्याच्या तरी मागा. शिवाय रेल्वे स्वतः टीव्हीयू काढते, २४ तासांतल्या गाड्या गुणिले रस्त्यावरची वाहन-एककं. गेटच्या जागी पूल देताना १ लाखाचा टप्पा बघितला जातो, त्यामुळे हा आकडा महापालिकेच्या दप्तरी असलेला बरा.

सिग्नलचंही एक. वेब्स्टरचं सूत्र: एका पूर्ण फेरीचा वेळ = (१.५ × वाया जाणारे सेकंद + ५) ÷ (१ − य). य म्हणजे प्रत्येक फेजमधल्या (फेज म्हणजे एका वेळी हिरवा मिळणाऱ्या बाजू) सर्वांत भरलेल्या बाजूच्या मागणी आणि क्षमतेच्या गुणोत्तरांची बेरीज. चार फेज, प्रत्येकी ४ सेकंद वाया, एकूण १६. य ०.६५ असेल तर फेरी ८३ सेकंदांची, ०.७५ ला ११६, ०.८५ ला १९३. सव्वातीन मिनिटांची फेरी म्हणजे लोक लाल तोडणारच. उत्तर सेकंद वाढवण्यात नाही, य कमी करण्यात आहे. चौकाच्या तोंडाशी ५० मीटर उभ्या गाड्या हटवून सुटण्याची रुंदी ५ वरून ७ मीटर झाली की य आपोआप उतरतो, किंवा एक उजवं वळण बंद करून पुढं यू-टर्न दिला की एक फेज जाते. सल्लागाराकडून प्रत्येक पर्यायाचा य आणि फेरी लिहून मागा.

खडे_बोल

मास्तर, हे सगळं हल्ली कॉम्प्युटरवर सिनेमासारखं करून दाखवतात. रंगीत गाड्या धावतात, पूल बांधला की सगळ्या पळायला लागतात. साहेब लोक खूश.

मापाडी

व्हिसिम नावाच्या वाहतुकीच्या सॉफ्टवेअरचा सिनेमा. मॉडेल वाईट नसतं, पण ते आपापल्या लेनमधून चालणाऱ्या गाड्यांच्या सवयीवर बेतलेलं येतं. फटीतून घुसणाऱ्या दुचाकी, मध्येच थांबणारं वडाप, दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर, हे सगळं आपल्याला बसवावं लागतं. म्हणून आधी आजची स्थिती जुळवून दाखवा म्हणायचं. जीईएच नावाची कसोटी आहे: मॉडेलचा आणि मोजणीचा आकडा घ्या, फरकाच्या वर्गाची दुप्पट काढा, तिला दोघांच्या बेरजेने भागा, वर्गमूळ काढा. उत्तर ५ च्या आत हवं, निदान ८५ टक्के ठिकाणी. उदाहरणार्थ मोजणी १,२०० आणि मॉडेल १,०००: ४०,००० ची दुप्पट ८०,०००, भागिले २,२००, वर्गमूळ साधारण ६. नापास. वाहनांचे आकडे जुळले तरी रांगेची लांबी आणि प्रवासवेळही जुळले पाहिजेत. आजचा रस्ता जुळत नसेल तर उद्याच्या पुलाचा सिनेमा बघायचा नाही.

वाढीचा दरही तपासा. वर्षाला ५ टक्के धरले तर २० वर्षांत वाहतूक २.६५ पट, ७.५ टक्के धरले तर सव्वाचार पट. दुसरा आकडा घातला की कुठल्याही गल्लीवर पूल लागतो. दर कुठून घेतला ते लिहून मागा, आणि निकाल आजचा, ५ वर्षांनंतरचा, २० वर्षांनंतरचा असा वेगवेगळा.

ओव्हरसियर

आता कागदपत्रांकडे.

नेमणार कोण? रस्ता कोणाच्या ताब्यात आहे ते आधी तपासा. कुठला तुकडा महापालिकेचा, कुठला सार्वजनिक बांधकामचा, पुलाचा भाग रेल्वेचा. कॅम्पात शिरलात तर कॅन्टोन्मेंट बोर्ड. सगळ्यांचं संमतीपत्र कार्यादेशाआधी घ्या. रहदारी पोलीस, परिवहन मंडळ आणि बुडा (नगरविकास प्राधिकरण) यांना आढावा समितीत घ्या, म्हणजे अहवाल आल्यावर "आम्हाला विचारलं नाही" होत नाही.

नेमणारी संस्था कोणती यावर कराचाही फरक पडतो. महापालिकेने थेट घेतलेल्या निव्वळ सल्लासेवेला, काम महापालिकेच्या घटनादत्त कर्तव्यात बसत असेल तर, जीएसटी माफी आहे. तेच काम सरकारी मालकीच्या कंपनीमार्फत केलं तर १ जानेवारी २०२२ पासून ती माफी नाही, १८ टक्के लागतो. अंदाजपत्रकात सुरुवातीलाच बघा.

निविदा कर्नाटकच्या पारदर्शकता कायद्याखाली, १९९९ चा, ई-प्रोक्युरमेंटवर. दोन लिफाफे: तांत्रिक आणि आर्थिक. नुसत्या सर्वांत कमी दरावर गेलात तर मोजणीची माणसं कमी करूनच दर खाली आणलेला असतो. तांत्रिकला ७० आणि किमतीला ३० असा भार द्यायची मंजुरी आधी मिळवा. तांत्रिक गुणांत कंपनीच्या उलाढालीला कमी, प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसांना जास्त गुण. वाहतूक नियोजनात पदव्युत्तर शिकलेला टीम लीडर किती दिवस बेळगावात हजर असेल ते दिवस लिहून घ्या. बायोडाटा मोठ्या माणसाचा आणि काम शिकाऊ पोरांचं, हे नेहमीचं.

हप्ते असे ठेवता येतील: कामाची पद्धत आणि मोजणीच्या जागा मंजूर झाल्यावर १० टक्के, कच्चा डेटा दिल्यावर आणि तो तपासून बरोबर निघाल्यावर ३५, मसुदा अहवालावर २०, चाचणी आणि चाचणीतल्या मोजणीनंतर २०, अंतिम अहवालावर १५. अंतिमवर जास्त ठेवलं की तो डेटा दाबून ठेवतो आणि घाईने गुंडाळतो.

कच्चा डेटा म्हणजे पीडीएफमधला तक्ता नव्हे. १५-१५ मिनिटांच्या एक्सेल फायली, व्हिडिओ मूळ स्वरूपात, जीपीएसच्या फायली, मॉडेलची चालणारी फाईल. मालकी महापालिकेची. तपासणी अशी: व्हिडिओतली कुठलीही दहा १५-मिनिटं समितीने निवडायची, हाताने मोजायची, फरक ५ टक्क्यांहून जास्त आला तर तो चौक पुन्हा. इथल्या इंजिनीअरिंग कॉलेजांच्या सिव्हिलच्या विद्यार्थ्यांकडून हे काम उत्तम होईल.

तिसरे_गेट

व्हिडिओ की माणसं? कॅमेऱ्याने स्वस्त पडतं म्हणे.

मापाडी

दोन्ही. माणूस एका वेळी दोन-तीन हालचालींच्या वर नीट टिपू शकत नाही, आणि दोन तासांनंतर रेघा ओढायला लागतो. दर आठ माणसांमागे दोन बदली धरा. कॅमेऱ्याचे दोष वेगळे. खाली लावला तर बसच्या आड सात-आठ दुचाकी गायब. ६ मीटरच्या आसपास उंची हवी आणि बस जिकडून येते त्याच्या समोरून नाही, थोडं बाजूने. संध्याकाळी हेडलाइटने पांढरं होतं. बॅटरी दुपारी तीनला संपते आणि कोणाला पत्ता नसतो, म्हणून दर दोन तासांनी बघणारा माणूस. सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं एकत्र लावा, नाहीतर नंबर जुळवणी फुकट. आपोआप मोजणारं सॉफ्टवेअर प्रवासी रिक्षा आणि मालवाहू तीनचाकी यात गोंधळतं. दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला तर ते कधी एक म्हणतं, कधी तीन.

तिसरे_गेट

सुधारलेला मसुदा असा करतोय: उड्डाणपूल शब्द काढला. "कोंडीचा किती हिस्सा पार्किंग, थांबे, वळणं, सिग्नल, रेल्वे गेट आणि पार जाणारी वाहनं यांच्यामुळे आहे ते आकड्यांत दाखवावे" असा प्रश्न टाकला. पाच मोजण्या, चालणारे आणि फेरीवाले, फास्टॅग, तीन आठवड्यांची चाचणी, चाचणीतली मोजणी, कच्चा डेटा, पुढच्या कामाला बंदी. मुदत तीनऐवजी पाच महिने. अहवालाचा सारांश कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही मागितला आहे, कारण सूचना-हरकती लोकांनीच द्यायच्या आहेत.

ओव्हरसियर

मुदत कार्यादेशापासून मोजू नका, मोजणीच्या पहिल्या दिवसापासून मोजा. आणि डल्ट, म्हणजे बेंगळूरच्या नगर भूसारिगे (शहरी वाहतूक) संचालनालयाकडे आणि स्मार्ट सिटीच्या कचेरीत माहिती अधिकाराचा एक-एक अर्ज आजच टाका: या रस्त्यावरची आधीची कुठलीही मोजणी असेल तर तिच्या फायली. बेळगाव २०१६ च्या पहिल्या वीस स्मार्ट शहरांत होतं, कुठल्या ना कुठल्या कपाटात काहीतरी असणार. जुना आकडा मिळाला तर वाढीचा दर अंदाजाने धरावा लागत नाही.

खडे_बोल

मराठी सारांशात "पुणे महानगरपालिका" असं राहून गेलेलं नाही ना, ते एकदा शोधून बघा. कॉपी-पेस्ट तिथंच सापडतं.

मापाडी

आणि ऊस हंगाम चालू असताना मोजलंत तर ट्रॅक्टरचा रकाना वेगळा ठेवा, "इतर" मध्ये टाकू देऊ नका. गुणक चार-पाचचा आहे त्याचा.